कॉम्बो बदलण्याआधी

सकाळी ८.००

मोबाइल दुरुस्तीची दुकानं सहसा दहाच्या पुढे उघडतात. माझं दुकान डोंबिवली पूर्वेला, स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, त्यामुळे मला ती चैन परवडत नाही. इथलं गिऱ्हाईक लोकल पकडायला जाताना फोन टाकतं आणि रात्री परतताना उचलतं. फोन बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा नसतो. स्वतःचा त्याला लोकलमध्ये हवाच असतो. टाकला जातो तो आईचा, सासऱ्यांचा, नाहीतर कपाटातून काढून मुलीला क्लाससाठी द्यायचा ठरलेला जुना.

जुलै महिना, टेबलावरची रबराची मॅटसुद्धा दमट लागते. शटर वर गेलं की सोल्डरिंग आयर्न, ब्लोअर आणि हीट पॅड चालू करून बघायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली भरून ठेवायची, मायक्रोस्कोपची भिंगं पुसायची. मग काल रात्रभर व्हिडिओ लावून ठेवलेले फोन बघायचे. स्क्रीनच्या तक्रारीचा फोन दुरुस्त झाला तरी मी लगेच देत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असेपर्यंत अशी स्क्रीन शहाण्यासारखी वागते, ते कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडला पोहोचलं की पुन्हा सुरू.

सकाळी ८.४५

आठ ते साडेनऊ ही माझी पहिली गर्दी. कुणालाही दोन मिनिटांहून जास्त वेळ नसतो. ‘दादा, हा बघून ठेव’ एवढं बोलून माणूस पुलाकडे पळतो. माझ्या हाताखालच्या पोराला मी एक सवय लावली आहे. पळणाऱ्यालाही तीन गोष्टी विचारायच्या: कधी होतं, चार्जिंगला असताना होतं का, आणि त्याआधी फोन पडला, भिजला किंवा उघडला होता का.

आज पहिलाच माणूस चार्जरसकट आला. ‘रात्री चार्जिंगला लावला की स्क्रीन थरथरते, आणि बोट न लावता ॲप उघडतात.’ त्याचा फोन त्याच्याच चार्जरवर लावला. थरथर सुरू. वायर काढून पॉवर बँकेला जोडला. शांत. फलाटावर मिळणाऱ्या स्वस्त चार्जरात गाळणीचे भाग कमी दर्जाचे असतात, कधी नसतातच. घरातल्या विजेतला गोंगाट त्यातून थेट फोनमध्ये उतरतो. टच हा काचेवरचा अगदी सूक्ष्म विद्युत बदल ओळखत असतो, म्हणून आधी तोच वेडावतो. पॉवर बँकेचा भिंतीतल्या विजेशी संबंध नसतो, त्यामुळे घरच्या घरी करता येण्याजोगी ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे.

‘किती झाले?’

‘काही नाही. चार्जर बदला.’

त्याचा विश्वास बसला नाही. फुकटात सांगितलेलं निदान लोकांना कच्चं वाटतं.

सकाळी ९.२०

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या काकू आल्या. त्यांचा फोन सहाएक वर्षांचा, एमोलेड स्क्रीनचा, बोटाचा ठसा काचेखालीच ओळखणारा. सकाळच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, उधारीच्या नोंदी, सगळं त्यातच.

‘अरे, पोळ्यांची ऑर्डर वाचायला घेतली की हा मेला फडफडतो. एका दुकानात सांगितलं डिस्प्ले गेला, साडेतीन हजार. तू काय घेशील?’

‘आधी काय झालंय ते बघतो, काकू. संध्याकाळी सांगतो.’

‘डिस्प्लेच असणार. दिसतंय ना डोळ्यांनी?’

दिसतं डिस्प्लेवर, हे खरं. पण फडफड हे लक्षण आहे. त्याच्या मागे चार्जर असू शकतो, एखादं ॲप, सेटिंग, बॅटरी, आतली जोडणीची पट्टी, सैल झालेला कनेक्टर, बोर्डवरचा बॅकलाइट किंवा खरोखरच पॅनेल. फुटलेली काच आली तर विचार करावा लागत नाही. फडफडणारी आली की अर्धा दिवस शोधण्यात जातो. आणि आमच्या धंद्यातली गोम अशी की शोधण्याचे पैसे कुणी देत नाही, बदलण्याचे देतात. म्हणून डिस्प्ले आणि टच एकत्र असलेला कॉम्बो बदलून टाकण्याचा मोह प्रत्येक टेबलावर असतो. अनेकदा त्याने फोन सुधारतोही, कारण कॉम्बो बसवताना कनेक्टर काढून पुन्हा घातला जातो आणि खरा दोष तिथेच असतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, आणि चांगलं पॅनेल भंगारात.

सकाळी १०.१५

गर्दी ओसरली. आता न उघडता करायच्या तपासण्या. यांचा क्रम मी कधी मोडत नाही.

पहिलं काम बॅकअप. स्क्रीन दिसते आहे आणि टच चालतो आहे तोवर फोटो, संपर्क, चॅट बाहेर काढून ठेवायचे. पॅनेल पूर्ण काळं झाल्यावर पिनसुद्धा टाकता येत नाही, मग आतला डेटा शाबूत असूनही हाती लागत नाही. काकूंच्या केंद्रावर फोन लावला, पिन विचारली, त्यांच्या परवानगीने सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं.

दुसरं, स्क्रीनशॉट. फडफड चालू असताना स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवून बघायचा. स्क्रीनशॉट काचेवरून घेतला जात नाही. फोन आपल्या स्मृतीत जे चित्र जुळवतो, त्याची ती नक्कल असते. नकलेतही चित्र फाटलेलं दिसलं, तर काच आणि पॅनेल निर्दोष, गडबड सॉफ्टवेअरमध्ये. नक्कल स्वच्छ आणि डोळ्यांना मात्र फडफड, तर संशय खाली सरकतो. काकूंचा स्क्रीनशॉट स्वच्छ होता.

याला एक अपवाद आहे. उजेड कमी-जास्त होण्याची तक्रार स्क्रीनशॉटमध्ये उमटत नाही. आपोआप उजेड ठरवण्याची सोय, म्हणजे ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस, चालू असेल आणि वरच्या सेन्सरवर जाड टफन काचेची कड येत असेल, तर बिचारा फोन उजेड-अंधार ठरवत बसतो. म्हणून ती सोय बंद करून बघायची. तीही केली. फरक नाही.

तिसरं, सेफ मोड. बहुतेक अँड्रॉइड फोनांत पॉवर बटणाने येणाऱ्या यादीत ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की विचारणा होते. या अवस्थेत बाहेरून टाकलेली ॲप झोपलेली असतात. रात्रीचा निळा प्रकाश गाळणारी, स्क्रीनवर तरंगती बटणं ठेवणारी, बॅटरी वाचवण्याचा दावा करणारी ॲप दोषी असतील, तर इथे फडफड थांबते. काकूंच्या फोनची थांबली नाही.

चौथं, लोगो. फोन बंद करून चालू करताना कंपनीचं नाव येतं, त्या वेळी अँड्रॉइड अजून उठलेलं नसतं. तिथेही स्क्रीन हलली तर ॲपवर, अपडेटवर दोष घालून उपयोग नाही. काकूंचा फोन दोनदा नीट उठला, तिसऱ्यांदा लोगोवरच झळकला. सॉफ्टवेअर सुटलं.

फॅक्टरी रिसेटचा सल्ला या टप्प्यावर सर्रास दिला जातो. या परीक्षा यंत्राकडे बोट दाखवत असताना रिसेट मारला, तर गिऱ्हाइकाचा डेटा जातो आणि फडफड तशीच राहते.

सकाळी ११.३०

कॉलेजचा मुलगा आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्क्रीन रात्री फडफडते, आणि पुरावा म्हणून मित्राच्या फोनने काढलेला व्हिडिओ. त्यात काळे पट्टे खालून वर सरकत होते.

‘डोळ्यांना दिसतं का?’

‘डोळ्यांना नाही, पण कॅमेऱ्यात बघा ना दादा.’

हा दोष नाही. एमोलेड पडद्याचा उजेड कमी करायचा तर अनेक फोन पडदा मंद करत नाहीत, तो झपाट्याने चालू-बंद करतात. बऱ्याच जुन्या पॅनेलांत हा वेग सेकंदाला २४० वेळांच्या आसपास असतो. डोळा त्याची सरासरी काढतो, कॅमेऱ्याला मात्र मधला अंधार सापडतो. काही जणांचं याने डोकं दुखतं, डोळे थकतात. त्यांनी खोलीतला दिवा लावून पडद्याचा उजेड थोडा वर ठेवावा. काही फोनांत फडफड कमी करणारी डीसी डिमिंगची सोय असते, ती चालू करावी.

त्याच्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. पडदा सेकंदाला ६० आणि ९० वेळा ताजा होण्याच्या दोन वेगांत स्वतःहून अदलाबदल करत होता. मंद उजेडात त्या बदलाच्या क्षणी राखाडी रंगाची छटा किंचित हलते. वेग ६० वर कायम केला, मुलाला काउंटरखालच्या अंधारात बघायला लावलं. ‘गेलं की!’ म्हणाला आणि टफन लावून घेऊन गेला. आजची बोहनी त्या टफनची.

दुपारी १२.३०

पोरगा मुंबईतल्या मनीष मार्केटला निघाला. दुपारी सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते, म्हणून माल आणायचा तर हीच वेळ. त्याला चिठ्ठीवर फोनचं बाजारातलं नाव लिहून देऊन चालत नाही, मॉडेल नंबर लागतो. एकाच नावाने विकलेल्या फोनच्या दोन आवृत्त्यांत कनेक्टर वेगळा निघतो आणि आणलेली पट्टी हातात राहते.

काकूंच्या फोनसाठी अजून काहीच आणायला सांगितलं नव्हतं. ‘दादा, येताना कॉम्बो घेऊन टाकू का? परत फेरी नको.’

‘नको. तीनच्या सुमाराला फोन करतो, तोवर दुसरी कामं उरक.’

बाजारात एमोलेडच्या जागी बसणारे स्वस्त ‘इन-सेल’ कॉम्बो मिळतात. ते असतात एलसीडी. जाडीला जास्त, काळा रंग राखाडी, आणि काचेखालचा बोटाचा ठसा त्यावर चालत नाही, कारण ठसा वाचणाऱ्या सेन्सरला पडद्यातून आरपार बघावं लागतं आणि एलसीडीच्या मागे बॅकलाइटचा थर आडवा येतो. साडेतीन हजारांत काकूंना कोणता कॉम्बो मिळणार होता, ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

तेवढ्यात एक ताई हिरवी रेघ घेऊन आल्या. वरून खालपर्यंत सरळ, केसाएवढी बारीक, अधूनमधून लुकलुकणारी. ही एमोलेडची ओळखीची व्याधी. काचेच्या कडेला पॅनेलची नाजूक पट्टी चिकटवलेली असते. तिथला जोड किंवा उभ्या रांगा चालवणारं सर्किट बिघडलं की एक उभी ओळ हुकमाबाहेर जाते. त्यांना वाटत होतं परवाच्या अपडेटने हे केलं. स्क्रीनशॉट घेऊन माझ्या फोनवर दाखवला, रेघ त्यात नव्हती. हा जोड घरात, टेबलावर नीट करण्यासारखा नसतो, पॅनेलच बदलावं लागतं. त्यांना सांगितलं की आज बॅकअप घ्या, कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा, कारण काही मॉडेलांसाठी कंपन्यांनी वॉरंटी संपल्यावरही पॅनेल बदलून दिली आहेत. तिथे नाही म्हणाले तर पॅनेलची किंमत आणि फोनचं वय यांची तुलना करून मग ठरवा.

दुपारी १.४५

डबा. जेवताना माझा हात मोबाइलकडे जातो तो सर्किटचे नकाशे बघायला. जुन्या फोनच्या बोर्डवर कुठला भाग कुठे बसतो, हे आम्हाला पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून कळतं. कागदावर सोय झाली आहे: केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती एका जागी मिळावी, हा त्यामागचा हेतू. युरोपीय संघाने एक पाऊल पुढे टाकलं. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनांसाठी, मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवणं बंधनकारक झालं. पण माझ्या टेबलावर येणारे फोन पाच ते नऊ वर्षांचे असतात. त्यांना लागणारी पट्टी ही कधी बाजारातल्या नकली मालातून येते, कधी बोर्ड मेलेल्या दुसऱ्या फोनच्या अंगावरून. म्हणून असे ‘डोनर’ फोन मी मॉडेल नंबर लिहून डब्यात जपून ठेवतो.

दुपारी ३.००

दुकानात सामसूम. काकूंचा फोन आता उघडायचा.

उघडण्याआधी हातांनी बोलतं करायचं. फोन दोन्ही कडांना धरून अगदी हलका पिळला, काही नाही. मागच्या बाजूला मध्यभागी अंगठा दाबला, आणि स्क्रीन झळकली. पुन्हा दाबला, पुन्हा झळकली. पाठीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर दोन्ही टोकांना फट दिसली. पाठ मध्ये फुगलेली होती.

हीट पॅडवर कडा ऊबदार केल्या, पातळ प्लॅस्टिकचा ओपनर सरकवत पाठ काढली. धातूचं हत्यार इथे वापरायचं नाही, कारण आत फुगलेली लिथियम बॅटरी असण्याची शक्यता होती. आणि ती होतीच. उशी झालेली नव्हती, पण पोट आलं होतं. जुन्या बॅटरीच्या आत रासायनिक विघटनाने वायू साठतो. उष्णता, रात्रभर चार्जिंग, वय, सगळं त्यात भर घालतं. काकूंचा फोन दिवसभर गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर असतो, हे मला माहीत होतं.

या फोनची बांधणी अशी: पडद्याची पट्टी खालच्या छोट्या बोर्डला लागते, चार्जिंगचा पोर्ट असतो त्याच बोर्डला. तिथून एक लांब, रुंद पट्टी बॅटरीच्या पाठीवरून वर जाऊन मुख्य बोर्डला भिडते. चित्राचे सगळे संदेश या पट्टीतून जातात. बॅटरी फुगली की पट्टी ताणली जाते आणि तिची टोकं कनेक्टरमधून केसभर उचलली जातात.

पण फुगलेली बॅटरी दिसली म्हणून तिच्यावरच दोष ठेवणं, हे काकूंच्या ‘दिसतंय ना डोळ्यांनी’सारखंच झालं. बॅटरी दोन प्रकारे गुन्हेगार असू शकते. एक तर तिचा दाब कमी पडत असेल. थकलेल्या बॅटरीवर एकदम भार आला की व्होल्टेज कोसळतं आणि पडद्याला वीज पुरवणारं सर्किट डगमगतं. किंवा तिचा फुगवटा पट्टीला ढकलत असेल. आणि पॅनेलही अजून संशयातून सुटलं नव्हतं.

म्हणून एकेक वेगळं केलं. बॅटरीचा जोड काढला, फोन डीसी सप्लायवर चालू केला, ४ व्होल्टला. व्होल्टेज स्थिर असूनही फडफड तशीच. मग साडेतीनपर्यंत खाली आणलं. वाढली नाही. म्हणजे विजेचा दाब हे कारण नव्हे. मग याच मॉडेलचा तपासणीसाठी ठेवलेला, कोपऱ्यात तडा गेलेला पण चालू असलेला डिस्प्ले नुसता जोडला, चिकटवला नाही. तोही फडफडला! हा दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. काकूंनी साडेतीन हजारांचा कॉम्बो घातला असता, तर तोही फडफडला असता.

उरली पट्टी. प्लॅस्टिकच्या टोकाने तिच्यावर जागोजागी हलका दाब दिला. वरच्या कनेक्टरपासून अर्ध्या इंचावर दाबलं की चित्र स्थिर, सोडलं की झळक. मायक्रोस्कोपखाली तिथे घडी पडल्याची पांढुरकी खूण दिसली. आतल्या तांब्याच्या रेषा तुटायच्या बेतात होत्या. पडदा तापला की पट्टी किंचित हलते, म्हणून फडफड ऑर्डरींच्या गडबडीत, फोन सतत चालू असताना जास्त.

पोराला फोन केला: ‘लांब पट्टी आणि बॅटरी. बॅटरीवरची तारीख बघून घे, गोदामात पडून राहिलेली नको.’

दुपारी ४.१५

जुनी बॅटरी काढणं हे सावकाशीचं काम. कडेने अल्कोहोल सोडायचं, गोंद सुटेपर्यंत थांबायचं, मग पातळ प्लॅस्टिकचं कार्ड सपाट सरकवायचं. खुपसायचं नाही, वाकवायचं नाही. टोचली तर धूर आणि आग. काढलेली बॅटरी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात जाते. अशा बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकायच्या नसतात. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आम्ही डबा भरला की संकलन करणाऱ्याकडे देतो.

संध्याकाळी ५.००

पट्टी येईपर्यंत एका आजोबांचा फोन. २०१७च्या आसपासचा, साधा एलसीडी. पावसात शर्टाच्या खिशात भिजला, मग दोन दिवस तांदळात ठेवला. आता स्क्रीन लुकलुकते आणि मध्येच अंधार होतो.

अंधार झाला तेव्हा काचेवर तिरका टॉर्च मारला. अंधुकपणे घड्याळ आणि चिन्हं दिसत होती. म्हणजे चित्र आहे, मागचा उजेड नाही. एलसीडीला स्वतःचा प्रकाश नसतो. मागे बारीक एलईडींची माळ असते. एकेक एलईडी सुमारे ३ व्होल्ट मागतो आणि सहा-सात एका रांगेत जोडले की १८ ते २१ व्होल्ट लागतात. फोनची बॅटरी देते ४च्या आतबाहेर. ते वाढवण्यासाठी बोर्डवर एक कॉइल, एक डायोड, कपॅसिटर आणि त्यांना चालवणारी आयसी असते.

तांदळाने पाणी सुकतं असं मानलं तरी पाण्यातले क्षार सुकून बोर्डवरच बसतात. जास्त व्होल्टेजची पिन आणि शेजारची अर्थिंगची पिन यांच्यामध्ये हे क्षार आले की तिथे सगळ्यात आधी गंज धरतो. मायक्रोस्कोपखाली डिस्प्लेच्या कनेक्टरची नेमकी बॅकलाइटची पिन हिरवट-काळी पडलेली दिसली. अल्कोहोल आणि मऊ ब्रशने घासलं, फ्लक्स लावून पिनचा टाका पुन्हा केला, कॉइल आणि डायोड मल्टिमीटरवर तपासले, ते ठीक निघाले. उजेड आला, स्थिर राहिला. तरी हा फोन आज जाणार नाही. रात्रभर व्हिडिओ लावून, मधूनमधून हीट पॅडच्या उबेत ठेवून बघणार.

आजोबांच्या मुलाला फोनवर सांगितलं, उद्या.

‘पण चालू झालाय ना?’

‘चालू झालाय, पण टिकतो का ते बघायचंय.’

संध्याकाळी ६.३०

पोरगा भिजून परतला. माल मात्र दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोरडा. नवी पट्टी लावण्याआधी दोन्ही कनेक्टर अल्कोहोलने पुसले, टोकं बोटाच्या पेराने दाबून बसवली. बसल्याचा टिक ऐकू येतो, तो आला नाही तर जोर करायचा नाही, काढून पुन्हा लावायचं. नवी बॅटरी टाकली. कनेक्टरांवरच्या पातळ स्पंजच्या गाद्या जुन्यांतून काढून जागच्या जागी चिकटवल्या. या गाद्या बिनकामाच्या दिसतात, म्हणून पुष्कळ जण फेकून देतात. पाठ बसल्यावर कनेक्टर दाबून धरण्याचं काम त्याच करतात. त्या नसल्या की महिन्याभरात तीच तक्रार परत.

पाठीला कडेने टी-७००० गोंद, वर क्लिपा. सुकेपर्यंत पूर्ण उजेड, मग किमान उजेड, मग चार्जिंगला लावून, मग व्हिडिओ चालवून गरम करून. पोराला अंगठ्याने पाठ दाबायला लावलं. काही झालं नाही. रंगांची परीक्षाही घेतली. सॅमसंगसारख्या फोनांत डायलरवर स्टार-हॅश-शून्य-स्टार-हॅश टाकलं की लाल, हिरवा, निळा पडदा दाखवणारी चाचणी उघडते, इतर कंपन्यांचे कोड वेगळे असतात. तिन्ही रंग एकसारखे.

संध्याकाळी ७.३०

परतीची गर्दी. चिखलाचे बूट, ओल्या छत्र्या, ‘झाला का दादा?’ सकाळचा चार्जरवाला नवा चार्जर घेऊन दाखवायला आला. याने फडफडत नाही, म्हणाला, आणि एक केबल विकत घेतली.

या वेळी पैशांवरून घासाघीस होते. पार्टची किंमत कुणी फारशी विचारत नाही, ती बाजारात कळते. वाद होतो तो मजुरीवर, आणि त्यातही ‘तपासणी’ असं लिहिलेल्या ओळीवर. मी गेल्या वर्षापासून बिलात ती ओळ वेगळी लिहितो. दोष सापडला नाही तर ती रक्कम घेत नाही. सापडला तर घेतो, दुरुस्ती फुंकर मारण्याएवढी असली तरी. सुरुवातीला दोन-चार गिऱ्हाइकं तुटली. जी टिकली ती आता फोन टाकताना ‘कॉम्बो किती?’ असं विचारत नाहीत, ‘काय झालंय बघ’ म्हणतात.

रात्री ९.१५

केंद्र बंद करून काकू आल्या. बॅटरी, पट्टी, मजुरी आणि तपासणी. सगळं मिळून सांगितलेल्या साडेतीन हजारांच्या निम्म्याहून कमी. काढलेली पट्टी मी त्यांना मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर दाखवली.

‘ही एवढीशी? आणि डिस्प्ले?’

‘डिस्प्ले तुमचाच आहे. ठसा लावून बघा.’

लावला. उघडला. त्यांनी बिल वाचलं. ‘हे तपासणीचे दोनशे कशाचे?’

‘डिस्प्ले बदलायचा नाही, हे शोधून काढल्याचे.’

काकूंनी पन्नास कमी केले आणि दीडशे दिले. त्यांच्याकडून तेवढे मिळणं ही मोठी गोष्ट. मग स्टुलावर बसल्या.

‘आणि पुन्हा फडफडला तर?’

‘आधी चार्जरची वायर काढा. तरी फडफडला तर स्क्रीनशॉट घ्या आणि सुनेच्या फोनवर पाठवा. तिथे नीट दिसला तर माझ्याकडे आणा.’

‘आणि तिथेही फडफडलेला दिसला तर?’

‘तर नुकतंच टाकलेलं एखादं ॲप काढून टाका. माझ्याकडे यायची गरज नाही. आणि फोन त्या शेगडीजवळच्या फळीवरून उचला.’

‘असं सगळ्यांना सांगत बसलास तर तुझं दुकान कसं चालायचं रे?’

‘आठ वाजून बारा मिनिटांच्या लोकलला गर्दी आहे तोवर काचा फुटायच्या थांबत नाहीत, काकू.’